पोपटांचा फ्रॉक आणि चार शनिवार

शुक्रवार, २० जानेवारी १९८९. सकाळी ९.

आज सुट्टी. अंबरनाथच्या एमआयडीसीत आम्हांला रविवार नाही, शुक्रवार. बदलापूर कामाला जातं तेव्हा मी घरी बसून विचार करतो. म्हणून माझे विचार इतरांच्या दोन दिवस पुढे असतात.

आजचा विचार: युनिफॉर्म.

काल नीलिमा शाळेतून आली तर पोटावर पट्ट्याचा लाल वळ. गळ्यात टाय. अंगात टेरिकॉटचा निळा पिनाफोर. ही चौथीतली मुलगी की बँकेचा वॉचमन? कंपनीच्या लायब्ररीत मासिकात लेख वाचला होता. मुलांचे कपडे सुटसुटीत हवेत, आणि त्यांचं व्यक्तिमत्त्व खुलवणारे हवेत. शंभर टक्के पटलं. नीलिमा मधेच पट्ट्याला आणखी एक भोक पाडून द्या असं काहीतरी म्हणत होती. मुलं लक्षणाकडे बघतात. मी मुळावर घाव घालतो.

संकल्प: जूनपर्यंत शाळेतला युनिफॉर्म बंद.

सकाळी ११.

कुमुदिनीला संकल्प सांगितला. ती म्हणाली, आधी तुमच्या सहा करड्या सफारी बंद करा. तिला समजावलं की त्या सहा वेगवेगळ्या छटा आहेत. रंगाच्या कारखान्यात शेड-मॅचिंगला चौदा वर्षं काढलेल्या माणसालाच फरक दिसतो. ती तांदूळ निवडत राहिली.

शुक्रवार, २७ जानेवारी.

मुख्याध्यापिकाबाईंना भेटलो. चाळीस मिनिटं बोललो. त्यांनी तीन वेळा घड्याळाकडे बघितलं, म्हणजे विषयाचं गांभीर्य त्यांच्या लक्षात आलं असावं. शेवटी म्हणाल्या, आधी तुमच्याच मुलीवर करून बघा, चार शनिवार, बाकीच्यांचं मग बघू.

संपूर्ण विजय. कारखान्यातसुद्धा नवा रंग आधी छोट्या बॅचमध्ये काढतात.

तिथूनच थेट उल्हासनगर. नीलिमाला नेलं नाही. मुलाची आवड समाजाने बिघडवलेली असते. कटपीसच्या दुकानात हवं ते मिळालं: भगवी जमीन, त्यावर वीतभर हिरवे पोपट. सिंधी शेटजी म्हणाले, "साईं, वैसे तो परदे का माल है, लेकिन आपकी मर्जी." माझी मर्जी. चांगलं जाडजूड कापड, टिकाऊ. पूर्ण तुकडाच घेतला.

संध्याकाळी बेलवलीला हिंदुराव टेलरकडे. डिझाइन मी स्वतः काढून दिलं. पट्टा नाही, टाय नाही, कंबर नाही. हालचालीला मोकळीक. हिंदुराव मास्तर कागद उलटा धरून म्हणाले, "साहेब, ह्याला वरची बाजू कंची?" कारागिराला नवीन गोष्ट पचायला वेळ लागतो. रात्रीपर्यंत शिवून देतो म्हणाले.

शनिवार, २८ जानेवारी. संध्याकाळी ६.

पहिला शनिवार. प्रतिसाद अभूतपूर्व.

शनिवारी कवायतीसाठी सगळी शाळा पांढऱ्यात असते. त्यात आमची एकटी भगवी. नीलिमाने सांगितलं ते असं: ती वर्गात शिरली आणि अख्खा वर्ग उभा राहिला. गाणं म्हटलं. टाळ्या वाजवल्या. बाईंनी तिला पुढे बोलावलं.

मी विचारलं, कुठलं गाणं? हॅपी बर्थडे.

त्या शाळेत रिवाज आहे की वाढदिवस असेल तरच रंगीत ड्रेस. मग त्या मुलीने एक मैत्रीण निवडायची आणि दोघींनी चॉकलेटचा डबा घेऊन सगळ्या वर्गांत, सगळ्या बाईंकडे फिरायचं. नीलिमाकडे डबा नव्हता. नीलिमाचा वाढदिवस पंचवीस फेब्रुवारीला. असो. किरकोळ गैरसमज. मुद्दा हा की लोक उठून उभे राहिले.

कुमुदिनीचं म्हणणं, पोरीच्या मानेला पुरळ आलंय. नव्या कापडाची खळ. धुतल्यावर जाईल.

शनिवार, ४ फेब्रुवारी.

दुसरा शनिवार. फ्रॉकमध्ये सुधारणा केली होती: चार खिसे. खिसा म्हणजे मुलाचं स्वतःचं जग.

वर्गाने गेल्या आठवड्याची चॉकलेटं मागितली. नीलिमा म्हणाली, माझा वाढदिवस नाहीच. मग सगळ्यांनी तिला कंजूष ठरवलं. एकाने चारी खिसे तपासले. फक्त मधू, तिची मैत्रीण, काही बोलली नाही. नीलिमाने तिला दिवाळीतच वचन दिलंय म्हणे की पंचवीस तारखेला डबा घेऊन फिरायला तिलाच नेणार. दोघी दिवस मोजताहेत.

जेवताना कुमुदिनी म्हणाली, ह्या फ्रॉकमधून नीलिमा नेमकं काय व्यक्त करते ते तिला कधी विचारलंत? मी म्हटलं, ते प्रयोग संपल्यावर आपोआप समजेल. नीलिमा तेव्हा पोळीचे तुकडे करत होती. खात नव्हती. वाढत्या वयात भूक कमीजास्त होते.

शनिवार, ११ फेब्रुवारी. सकाळी ६.४०.

नीलिमाच्या पोटात दुखतंय. युनिफॉर्मच्या पट्ट्याचे जुने परिणाम. पोपट घालून पाठवली. बरं वाटेल.

संध्याकाळी.

शाळेच्या कॅलेंडरमध्ये, म्हणजे निरोपाच्या वहीत, बाईंचा लाल शाईतला शेरा: "पालकांनी आपल्या पाल्याचा वाढदिवस वर्षातून एकदाच साजरा करावा, ही विनंती."

व्यवस्था हादरलेली आहे. उत्तर लिहायला घेतलं. सहा पानं झाली. कुमुदिनीने ती कुठेतरी ठेवली आहेत, आता तिलाही सापडत नाहीत.

शुक्रवार, १७ फेब्रुवारी.

आज नीलिमा स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पोरगी तशी अबोल. म्हणाली, "बाबा, उद्या मी घालते. पण तुम्ही पण घालून जा कंपनीत."

मी थक्क झालो. प्रयोग यशस्वी! मुलगी व्यक्त झाली. पोपटांशिवाय हे झालं असतं?

लगेच हो म्हटलं. कापड शिल्लक होतंच. हिंदुरावांकडून अर्जंट बुशशर्ट. शर्ट देताना एवढंच म्हणाले, "साहेब, वहिनींना इचारलंय ना?"

उद्याचं भाषण तयार. मुद्दे तीन: कपडा आणि स्वातंत्र्य, कपडा आणि उत्पादकता, कपडा आणि मी. कागद वरच्या खिशात. कुणी विचारलंच शर्टाबद्दल, तर ठणकावून सांगायचं. माघार नाही.

शनिवार, १८ फेब्रुवारी. संध्याकाळी ७.

हेंद्रेपाड्याच्या नाक्यावर कंपनीची बस आली. आत चढलो. बोलणी थांबली. माझ्या शेजारची सीट अंबरनाथपर्यंत रिकामी राहिली. विचार करायला एकांत मिळाला.

गेटवर सिक्युरिटीवाल्याने सलामाऐवजी हात मिळवला. डिपार्टमेंटमध्ये पोचेपर्यंत आमच्या लॅबचा भगवंत पुढे जाऊन सांगून आला होता की साहेबांचा बर्थडे आहे. सगळे गोळा झाले. हीच ती वेळ. मी वरच्या खिशात हात घातला.

तेवढ्यात वर्क्स मॅनेजर स्वतः आले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. पोपटांकडे बघितलं. बराच वेळ. मग हात पुढे करून म्हणाले, "वाढदिवस दिसतोय."

मी म्हणालो, "थँक्यू सर."

आता ह्यात चूक काय? वरिष्ठ माणूस हात पुढे करून उभा असताना तीन मुद्दे मांडणं शिष्टाचारात बसत नाही. भाषण रद्द नाही, पुढे ढकललं आहे.

भगवंतला पेढे आणायला पाठवलं. पर्सोनेलचा क्लार्क पेढा खाता खाता म्हणाला, साहेब, तुमच्या कार्डावर तर एक जून आहे. मी सांगितलं, ती मास्तरांनी टाकलेली तारीख, शाळेत घालताना, खरी आजचीच. त्याला पटलं. त्याचीही एक जूनच आहे. जाताना मॅनेजर म्हणाले, एक दिवस ठीक आहे.

घरी आलो. हातात उरलेल्या पेढ्यांचा पुडा. दार नीलिमाने उघडलं. अंगात अजून तोच फ्रॉक. तिने माझा शर्ट बघितला, मग पुडा.

"तुम्हांलापण वाटावे लागले?"

मी म्हटलं, छे, कंपनीचं टार्गेट पूर्ण झालं म्हणून वाटले. ती बरं म्हणाली. मग मी तिचं विचारलं. आज वर्गात काय झालं? तिने पेढा घेतला आणि सांगितलं की आज बाईंनी पुन्हा विचारलं, तेव्हा तिने हो, वाढदिवस आहे, असं सांगून टाकलं.

"हो म्हटलं की लवकर संपतं," ती म्हणाली.

मी शर्ट बदलला.

रविवार, १९ फेब्रुवारी.

करडी सफारी, तिसरी छटा. बसमध्ये शेजारी माणूस बसला. बरं वाटलं, हे इथे लिहायला हरकत नाही.

प्रयोगाचा अहवाल मुख्याध्यापिकांना द्यायचा आहे. वेळ मिळाला की लिहीन.

शनिवार, २५ फेब्रुवारी. सकाळी ६.

नीलिमाचा वाढदिवस. योजना: आज ती रंगीत घालणार ती हक्काने. पोपट नाहीत. पोपटांची चूक मी मान्य करायला तयार आहे. ठसा जरा मोठा होता. कुमुदिनीने बुधवारी तिला स्वतः दुकानात नेलं होतं. तिने फिका निळा फ्रॉक निवडला, बारीक पांढऱ्या टिपक्यांचा. शेड-मॅचिंगच्या दृष्टीने सामान्य. तिला तो फार आवडला आहे. रात्री उशाशी घेऊन झोपली होती.

सकाळी ६.३०.

बाहेर आली ती पांढऱ्या युनिफॉर्ममध्ये. टाय, पट्टा सगळं. मी म्हटलं, अगं, आज तर तुझा दिवस, घाल तो निळा. ती चॉकलेटचा डबा दप्तरात ठेवत होती. वर न बघता म्हणाली, "आज रंगीत घातलं तर कुणाला खरं वाटणार नाही, बाबा."

मी म्हटलं, मी येतो, सांगतो वर्गात, जन्माचा दाखला दाखवतो. कुमुदिनीने माझी बॅग माझ्या हातात दिली. बसची वेळ झाली. निघतो.

संध्याकाळी ५.३०, परतीच्या बसमध्ये.

दिवसभर कामात लक्ष नव्हतं. एक अख्खी बॅच दुसऱ्यांदा तपासायला लागली. वर्गात जाऊन नीलिमा डबा उघडते आणि पोरं हसतात, हेच डोळ्यांपुढे. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. ह्या वहीत पूर्वी असं काही लिहिलेलं नाही.

संध्याकाळी ७.

डबा भरलेला परत आला. नीलिमाने वर्गात सांगितलंच नाही. मधल्या सुट्टीत फक्त मधूला सांगितलं. दोघी नळामागच्या पायरीवर बसल्या. वर्गावर्गांतून फिरायचं राहिलं. मधूने एक खाल्लं, नीलिमाने एक. मधूने हळू आवाजात गाणं म्हटलं.

कुमुदिनीने पोपटांचं उरलेलं कापड खिडकीला लावलं आहे. पडदा म्हणून छान दिसतं.

नीलिमाला विचारलं, वाढदिवसाला माझ्याकडून काय हवं ते माग, काहीही. बराच विचार केला तिने. मग उठून आत गेली आणि शाळेचा पट्टा घेऊन आली. म्हणाली, जानेवारीत सांगितलं होतं.

खिळा आणि हातोडी घेतली. एक भोक पाडलं. दोन मिनिटं लागली.