रंग न दिलेली साडी

अहो,

इतकी वर्षं नावानं हाक मारली नाही, आता पत्रात तरी कशाला मारू? टँकर यायचा आहे. बादल्या खाली रांगेला लावून आले आणि गॅलरीत तुमचाच ड्रॉइंग बोर्ड मांडीवर घेऊन लिहायला बसले. आज लिहायलाच हवं. उद्या सकाळी एक माणूस येणार आहे, तुमच्या शेवटच्या चित्रात मला रंग द्यायला.

दमले हो मी. वर्ष होत आलं तुम्हाला जाऊन. माणसं येतात, बसतात, तुमच्या आठवणी मलाच सांगतात आणि मी चहा टाकत राहते. सोसायटीचं, पाण्याचं, बँकेचं सगळं राजू बघतो, पण विचारायला माझ्याकडेच येतो. आता हे चित्राचंही माझ्याकडेच आलंय.

ते चित्र माझ्यासमोर भिंतीला टेकवून ठेवलंय. आपली गॅलरी, तुळशीची कुंडी, दोरीवरचे कपडे, मागे आचोळ्याच्या बिल्डिंगी आणि खुर्चीत मी, वाल सोलत. पेनाची रेघ न् रेघ तुमची. माझ्या चपलेचा उसवलेला पट्टासुद्धा सोडला नाहीत! मग रंग. आकाशाला दिलात, कुंडीला दिलात, दोरीवरच्या राजूच्या शर्टालाही दिलात. माझ्या साडीवर आणि तोंडावर मात्र कागद तसाच. आणि त्याच आठवड्यात तुम्ही गेलात.

मी ते कपाटामागे सरकवून ठेवलं होतं. दिवाळीनंतर तुमच्या आक्का रत्नागिरीहून आल्या, त्यांनी ते बाहेर काढायला लावलं. बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "अगो सुमन, जिवंतपणीच पांढरी नेसवलीन हो तुला." तुमच्या बहिणीला चहा टाकायला मी उठले. त्या दिवसापासून चित्राकडे पाहिलं की मला तेच दिसतं. तुम्हाला आधीच कळलं होतं का हो? आणि कळलं होतं, तर मला सांगायचं सोडून कागदावर काढून ठेवलंत?

राजूनं ते ऐकलं होतं. पोरगा मनाला लावून घेणारा, तुम्हाला माहीत आहे. म्हणाला, "आई, पांढरी बिंढरी काही नाही. बाबांचं राहून गेलंय ते. आपण कम्प्लीट करून घेऊ, मग मस्त फ्रेम करू. वर्षश्राद्धाला सगळे येतील तेव्हा हॉलमध्ये लागलेलं पाहिजे." त्याच्या ऑफिसात कुणी ओळखीचा आहे, फोटोवरून माणसांची चित्रं करतो. त्याला सांगूनही टाकलं. परवा मला विचारत होता, "साडी कुठली होती गं तेव्हा?" मला आठवत होती. मेंदी रंगाची, धुऊन धुऊन विटलेली. पण मी म्हटलं, बघून सांगते.

तुम्ही काय म्हणाला असता? मला वसईच्या होळी गावातली ती वाडी आठवते. रविवारी एसटीनं वसईला जायचं, तुमची पिशवी तुमच्या खांद्याला, डबा आणि छत्री माझ्याकडे. वाडीवाल्या मालतीबाईंच्या केळीत बसून तुम्ही बावखल काढत होतात. त्या वाडीला पाणी देणाऱ्या तळ्याचे काठ, केळी, अळू सगळं रंगवलंत आणि मध्ये नुसता कागद. मालतीबाई काकडीची टोपली घेऊन मागे येऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, रंग सपला का तुमचा? आमच्या बावखलात पानीच नाय."

"पाणी आहे की. उजेड पडलाय त्याच्यावर."

"मंग उजेड काडा ना."

"तो काढता येत नाही हो. तो सोडावा लागतो. भोवतालचं काढायचं, तो आपोआप दिसतो."

त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि मीही हसले. घरी येताना मी तुम्हाला चिडवलंही, एवढा महागाचा जाड कागद आणायचा आणि अर्धा तसाच ठेवायचा. तुम्ही आयुष्यभर ऑफिसात ड्राफ्ट्समन, कागदाचा कोपरा वाया घालवत नसायचात, आणि इथे एवढी उधळपट्टी. चेष्टेला उत्तर द्यायची तुम्हाला सवयच नव्हती.

सोडायच्या जागेवर तुम्ही पेन्सिलीनं बारीक फुली मारून ठेवायचात. रंग वाळला की ती पुसायचं काम माझं. खोडरबरानं कागद चरचरतो म्हणून कालचा पाव आणायचा, आतला मऊ भाग घेऊन हलक्या हातानं फिरवायचा. माझ्या साडीवर तशी फुली असती, तर आज प्रश्नच नव्हता. पण आक्का यायच्या आधी सुजाता कपाटामागे झाडायला गेली, चित्र धुळीनं माखलेलं बघून तिनं ते बाहेर काढलं आणि माझं वर्षानुवर्षांचं बघून बघून पाव घेऊन सगळं चित्र स्वच्छ पुसून ठेवलं. मी विचारलं, "फुली होती का गं?" ती बिचारी म्हणाली, "आई, मी बघितलंच नाही हो. तुम्ही करता तसं केलं." सुनेनं मायेनं केलेल्या कामाला काय बोलायचं? मी म्हटलं, छान केलंस.

राग आला तो तुमचाच. लग्नाला एवढी वर्षं झाली, विहिरी काढल्यात, होड्या काढल्यात, कुणाकुणाच्या गाईसुद्धा काढल्यात. मला एकदाच काढलंत आणि तेही असं, की सोडलंत का राहून गेलं तेच कळू नये. दोन शब्द बोलला असता तर काय बिघडलं असतं?

इथपर्यंत लिहून थांबले होते. आत्ता ऊन आलंय. चारला येतं तसं, समोरच्या दोन बिल्डिंगींच्या फटीतून सरळ त्या खुर्चीवर. खुर्ची रिकामी आहे. तिच्या पायांची सावली फरशीवरून पार कुंडीपर्यंत गेली आहे.

मी तिकडे बघितलं आणि मग चित्राकडे बघितलं. चित्रातही ती आहे. खुर्चीच्या पायांपासून कुंडीपर्यंत, तुमचा तो निळसर करडा रंग, एका फटकाऱ्यात ओढलेला.

सावली तुम्ही शेवटी टाकायचात. सगळे रंग वाळेपर्यंत थांबायचात, मी जेवायला हाका मारून थकायची. सावली टाकलीत की लगेच ब्रश धुवायला उठायचात, आणि मग त्या चित्राला पुन्हा हात लावायचा नाही. होळीच्या वाडीतही तेच, घरीही तेच. एकदा राजूनं सांगितलं, बाबा, तिथे थोडा हिरवा राहिला, तर म्हणालात, सावली पडली रे आता. हे मला माहीत होतं. आक्कांनी बाहेर काढायला लावल्यापासून हे चित्र कितीदा बघितलं असेल, पण नजर आपली साडीवरच जायची.

म्हणजे तुमचं काही राहून गेलं नव्हतं. मला ऊन लागलं होतं तेवढं तुम्ही सोडलंत. अहो, मग एकदा तोंडानं म्हणायचंत ना. दिवाळीपासून मी पांढऱ्या साडीकडे बघत बसले.

खाली टँकर आल्याची ओरड सुरू झाली आहे. राजू अजून आला नाही, मलाच जायला हवं. गुडघे आधीच बोलायला लागलेत.

एवढा शब्द देते. उद्या त्या माणसाला चहा देईन, पोहे देईन आणि तसाच परत पाठवीन. राजू थोडा रुसेल, त्याला ही सावली दाखवीन. चित्र आहे तसंच हॉलमध्ये लागेल. आणि वर्षश्राद्धाला आक्का येतील तेव्हा ती मेंदी रंगाची साडी पेटीतून काढून नेसेन आणि चित्राच्या खाली बसेन. साडीचा रंग बघायचाच असेल, तर त्यांनी माझ्याकडे बघावं.

तुमची,
सुमन