शनिवारचं तेल

हमरापूर, ता. पेण

प्रिय प्रणिता,

आदेश रात्रपाळी करून सकाळी इकडे आला. जेवून ओटीवर झोपलाय. दुपारच्या गाडीने रोह्याला तुझ्याकडे परत निघेल, त्याच्या हाती द्यायला हे लिहून घेते. तू कशी आहेस, हे त्याला विचारायचं धाडस मला झालं नाही.

गणपतींचा कारखाना चालू आहे. ठमाबाई मूर्तींना पॉलिश पेपर मारतात, सगळीकडे पांढरी धूळ. डोळे मात्र तुझ्यासारखे कोणी रेखत नाही. अक्षयने दोन-चार रेखले, तर ठमाबाई म्हणाल्या, "ह्यो गणपती हाय का जावयावर रुसलेला सासरा?" सगळे हसले. मीही हसले, आणि मग तुझी रिकामी जागा दिसली.

त्या दिवशी मूर्ती न्यायला पनवेलचा टेम्पो दारात उभा आणि कारखान्याचं कुलूप उघडेना. माझी किल्ली आत जाईना, तुझीही जाईना. आदल्या संध्याकाळी कुलूप तू लावलं होतंस. तेवढ्यावरून मी सगळ्यांदेखत बोलले, "कुलूप बदललंस ना गो? सासऱ्याचं वर्षश्राद्ध व्हायचंय, तवर मालकीण व्हायला निघालीस?" आणि तुझ्या हातातली किल्ली काढून घेतली. तू पिशवी उचललीस आणि एसटीच्या थांब्याकडे चालू लागलीस.

मग अक्षयने दाराची कडी कापली. कुलूप मी रंगाच्या थिनरमध्ये बुडवून ठेवलं, तर आतून पांढुरका लगदा सुटला. कुलूप ह्यांचंच होतं. हे गेल्यापासून दर शनिवारी मारुतीला घालून उरलेलं तेल मी त्यात सोडत आले. ह्यांची वस्तू सांभाळतेय असं वाटायचं. त्या तेलाने धूळ धरली, आणि घट्ट बसली.

तू पेणहून काळ्या पावडरीची नळी आणली होतीस. "आई, तेल नको, ही पेन्सिलीच्या शिशाची कोरडी पावडर मारू. बाबा किल्लीला पेन्सिलच घासायचे," म्हणालीस. मी नळी फळीवर टाकून ठेवली. चण्याच्या पुडीचा कागदसुद्धा उलगडून वाचणारी मी, ती नळी काही वाचली नाही. आता वाचली. जुनं तेल आधी काढा, कोरडं करा, मग थोडीशीच पावडर, पुन्हा तेल नको. सगळं लिहिलंय.

ह्यांच्या खिशातली पेन्सिल मी फोटोपुढे ठेवलीय. ती मूर्तीवर खुणा करायची, एवढंच मला माहीत. तिचं दुसरं काम तुला ठाऊक होतं, मला नव्हतं. ते मला टोचलं. टेम्पोसमोर निघाला तो राग कुलपाचा नव्हताच, प्रणिता.

कुलूप उन्हात वाळवून पावडर फुंकली. किल्ली इतकी हलकी फिरली, की तुला दाखवायला मी मागे वळून पाहिलं. काल ठमाबाई आणि अक्षयसमोर, सगळ्या कामगारांसमोर सांगितलं, कुलूप सुनेने बदललं नव्हतं, माझ्या तेलाने जाम झालं. पण ज्या माणसाने ऐकायला हवं, ते तिथे नव्हतं. म्हणून हे पत्र. तुझ्याकडून घेतलेली किल्ली मी वापरेन. पाकिटात ह्यांची आहे, इतके दिवस मी वापरायचे ती, लाल दोऱ्याची. ये म्हणायला मला तोंड नाही. आलीस तर मला हाक मारू नकोस, सरळ कुलूप उघड.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर,
आई