लाल लोकरीचा शेवट

प्रिय एस्बेन,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, हे आधीच सांगून टाकते. खोडलं मात्र नाही. इतक्या वर्षांनी तुझं पत्र आलं, त्यात तू मला 'लाडकी सोल्वाइ' म्हटलंयस, तेव्हा मीही जुन्या शब्दाची लाज राखते. आपला जुना सिनेमा, 'किर्स्टन परतली नाही', धुऊनपुसून पुन्हा पडद्यावर येतोय. कोपनहेगनच्या मोठ्या थिएटरात त्याचा सोहळा आहे आणि मी बाबांना घेऊन यावं अशी तुझी इच्छा आहे. सिनेमाआधी मंचावर अंधार असेल, प्रकाशाचा एकच झोत पडेल आणि त्या झोतात फक्त बाबांचे हात दिसतील. "लोक किंचाळतील बघ!" असं लिहिलंयस. उत्तर देणारच आहे. पण मला मधेच थांबवणं तुला कधी जमलं नाही, तेव्हा आजही सगळं ऐकून घ्यावं लागेल.

तू लिहितोस की आपली ती श्रेयनामावली आता जगभर शिकवतात. ठाऊक आहे मला. मीच शिकवत होते ना, निवृत्त होईपर्यंत! दरवर्षी नव्या वर्गासमोर उभी राहायचे आणि टेबलावर हात आपटून सांगायचे की थरारपटाची सुरुवातीची तीन मिनिटं ही नावं वाचायची जागा नव्हे. माणूस रस्त्यावरून आत येतो. कोट काढत असतो, शेजारच्याशी भांडत असतो, घरी गॅस चालू राहिला का याचा विचार करत असतो. त्या माणसाच्या पायाखालची जमीन तुम्हाला हळूच काढून घ्यायची असते, तीही त्याला न सांगता. कशाला घाबरायचं ते सांगायचं नाही. कसं बघायचं एवढं शिकवायचं. एकदा का त्याला साध्या गोष्टीकडे संशयानं बघायला शिकवलंत की पुढचे दोन तास तो तुमचा गुलाम. आणि म्हणूनच, मी ओरडून सांगायचे, ते तुमच्यावर बंधन आहे! सुरुवातीला जे दाखवलंत त्याचा हिशोब शेवटी चुकता करायलाच हवा. मुलं लिहून घ्यायची. मी हे कुणाच्या जिवावर शिकले, ते मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

आठवतो तुला वेस्टरहाउन बंदराचा तो धक्का? तू पहिल्यांदा माझ्या गावी आलास तेव्हा शहरी बूट घालून मासळीच्या पाण्यात घसरला होतास आणि बाबांचा दोस्त वाग्न त्याच्या बोटीवरून ओरडला होता, "थोरवाल्ड, तुझ्या जावयाला जाळ्यात घे रे, वाहून चाललाय!" बाबा शेडच्या दारात जाळं दुरुस्त करत बसले होते. तू त्यांच्याशी हात मिळवलास आणि सोडलाच नाहीस. उजव्या हाताची तर्जनी अर्धी, बोटीवरच्या जाळं ओढणाऱ्या चरख्यात गेलेली. तळव्यांना जाळ्यांना फासायच्या डांबराचा काळा रंग, जो आईनं हयातभर घासूनही गेला नाही. तू माझ्या कानात म्हणालास, "सोल्वाइ, आपली टायटल्स सापडली."

कल्पना माझी होती, हे तू मुलाखतींत सांगत नाहीस. सिनेमात जाळी विणणाऱ्याची मुलगी नाहीशी होते. समुद्र तिचा लाल स्वेटर तेवढा परत देतो. मी म्हटलं, सुरुवातीला फक्त हात दाखवू. चेहरा नाही, खोली नाही, संगीतही नाही. लाकडी सुई, सुतळीचा खरखर आवाज, एकामागून एक गाठ. जाळ्याच्या प्रत्येक घरात एक नाव उमटेल, गाठ आवळली की विझेल. मी ती नावं काचेवर पांढऱ्या रंगानं हातानं लिहिली, लांब नावांना बाबांच्या सैल गाठी दिल्या, छोट्यांना झटक्याच्या. तू कुरकुरलास, "संगीत नसेल तर लोक खोकतील." मी म्हटलं, "खोकू देत. दुसऱ्या मिनिटाला खोकायची छाती होणार नाही." आणि मग सुतळीत मधेच एक लाल धागा येतो. ते बोटाचं थोटूक त्याला सावकाश ओढतं, ओढतच राहतं. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस काहीतरी लपवतोय, पुरावा जाळ्यात विणून टाकतोय.

आणि शेवटी? शेवटी तेच हात पुन्हा येणार होते. या वेळी कॅमेरा मागे सरकणार होता, अगदी हळू. दारात बसलेला बाप दिसणार होता, त्याच्या मांडीवर पोरीचा अर्धा उसवलेला स्वेटर. समुद्रानं तिचं तेवढंच परत दिलं, म्हणून तो ती लोकर आपल्या जाळ्यात गाठी मारून ठेवतोय. जे दुष्टपणाचं वाटलं ते दुःख होतं. बघणाऱ्याची मान खाली जायला हवी होती. ते दृश्य घेतलं तेव्हा बाबांना अभिनय करायला सांगावं लागलं नाही. माझी आई जाऊन वर्षही झालं नव्हतं. तू 'कट' म्हणालास तरी ते गाठी मारतच राहिले आणि तूच, हो, तूच डोळे पुसलेस.

मग प्रीमियर. बाबांनी नवा सूट शिवला. वाग्ननं त्यांना स्टेशनवर सोडताना बजावलं, "परत आल्यावर आम्हाला ओळख दाखव हो, नटवर्य!" ते माझ्या शेजारी बसले होते. टायटल्स सुरू झाली, सभागृह गप्प झालं, पुढच्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याचा दंड धरला. बाबा माझ्याकडे वाकून म्हणाले, "घाबरली गं ती. थांब म्हणावं, शेवटी कळेल तिला." दोन तास त्यांनी त्या शेवटाची वाट पाहिली. खुनी सापडला नाही, धुकं आलं, पडदा काळा झाला, टाळ्या पडल्या. बाबांना वाटलं, आपली पापणी लवली आणि तेवढ्यात ते दृश्य निघून गेलं. "संपला?" म्हणाले. मग लहान मुलासारखं विचारलं, "माझा शेवट कुठंय, पोरी?"

मी तुला दाराशी गाठलं. तुझ्या हातात ग्लास होता, निर्मात्याचा हात तुझ्या खांद्यावर होता. तू म्हणालास, "चाचणी खेळात लोक शेवटी रडायला लागले, सोल्वाइ. रडलेला माणूस घरी जाऊन झोपतो. घाबरलेला दहा जणांना सांगतो." चार दिवस आधी ते दृश्य काढून टाकलं होतंस. आपण एका घरात राहत होतो, एका किटलीतली कॉफी पीत होतो, आणि तू मला सांगितलं नाहीस. त्या रात्री मी तुला सोडलं ते सिनेमामुळे, असं तू सगळ्यांना सांगत आलास. कलावंतांचे मतभेद म्हणे! बाबा सूट घालून मागे उभे होते आणि तू त्यांना म्हणालास, "थोरवाल्ड, तुम्ही सगळ्या डेन्मार्कची झोप उडवलीत!" ते हसले. तुझं मन राखायला हसले.

पुढचं तू कधी विचारलं नाहीस, म्हणून सांगते. गावात प्रत्येकानं सिनेमा पाहिला आणि ते अर्धं बोट प्रत्येकानं ओळखलं. आधी गंमतच होती. "काय थोरवाल्ड, आज कुणाचा नंबर?" बाबाही म्हणायचे, "तुझाच, उधारी बाकी आहे." मग एकदा बेकरीत इन्गरनं पाव पुढे केला आणि बाबांनी हात लांबवताच तिची नात आईच्या मागे लपली. इन्गर शरमून म्हणाली, "अगं वेडे, हे तर आपले थोरवाल्डकाका!" पोरीनं मान हलवली, पण बाहेर आली नाही. बाबा शनिवारी शेडमध्ये गावच्या पोरांना गाठी मारायला शिकवायचे. एक आई म्हणाली मुलाला सर्दी आहे, दुसरी म्हणाली फुटबॉल आहे. हिवाळा संपता संपता शेडमध्ये रिकामे बाक राहिले. त्यांना कुणी खुनी मानत नव्हतं, एस्बेन! सगळ्यांना ठाऊक होतं की तो सिनेमा होता. पण भीतीला ठाऊक असण्याशी काय करायचंय? आपणच त्यांना तसं बघायला शिकवलं होतं आणि परत साधं बघायला शिकवणारी ती शेवटची दोन मिनिटं तू कापून टाकलीस. मी गावात सभा घेतली, चर्चच्या हॉलमध्ये उभी राहून तासभर तावातावानं बोलले, काढलेला शेवट शब्दांत सांगितला. लोकांनी ऐकलं, टाळ्या वाजवल्या, कॉफी प्यायले. बाकांवर मात्र कुणी आलं नाही. डोळ्यांनी घातलेली भीती कानांनी निघत नाही, हे मी त्या दिवशी शिकले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात बाबांनी हातमोजे घातले. सांधे दुखतात म्हणाले. ते अजून घालतात. जेवतानाही.

आणि आता तुला ते हात प्रकाशझोतात हवे आहेत. लोक पुन्हा किंचाळावेत म्हणून!

तुझं पत्र वाचून मी ते फाडणार होते. पण शेवटी ताजा कलम म्हणून तू एक ओळ लिहिलीयस, जणू हरवलेली छत्री सापडली असावी तशी. सिनेमा दुरुस्त करताना जुन्या डब्यांत ते काढलेलं दृश्य सापडलं, एकही ओरखडा नाही, 'शौकिनांसाठी वेगळं ठेवू'. कुणासाठी? कोण शौकीन? सिनेमासोबत द्यायच्या जास्तीच्या तुकड्यांत, कलाकार हसतायत आणि दिवे पडतायत अशा गमतींच्या शेजारी तू त्या बापाला ठेवणार आहेस? एस्बेन, आता तुझ्या डोक्यावर निर्माता नाही. कुणाला घाबरवून काही विकायचं नाही. या खेपेला कापलंस, तर तो हात फक्त तुझा असेल.

रविवारी मी वृद्धाश्रमात गेले होते. सोहळा, झोत, टाळ्या, काहीच सांगणार नव्हते. पण बाबा एक्क्याण्णव वर्षांचे असले तरी माझा चेहरा वाचतात. "त्या पोराचं पत्र आलंय ना?" म्हणाले. म्हणून मी ती शेवटची ओळ तेवढी वाचून दाखवली, दृश्य सापडलं एवढीच. 'वेगळं ठेवू' हे शब्द तोंडातून निघेनात. बाबांनी एक हातमोजा काढला, मग दुसरा, दोन्ही नीट घडी करून उशाशी ठेवले आणि हात माझ्यापुढे धरले. म्हणाले, "नखं काप गं जरा. मोठ्या पडद्यावर घाण दिसतात." ते जुनं चित्रीकरण आहे, आता नखं कापून काय होणार, हे मी त्यांना सांगितलं नाही. ते दृश्य दाखवणार नाहीत, हेही नाही सांगितलं. मी नखं कापली, एस्बेन. डांबर अजून आहे. बाबा हातमोज्यांशिवाय येतील, तुझ्या मंचावर नाही, माझ्या शेजारच्या खुर्चीत, आणि शेवटाची वाट बघतील. तो शेवट त्याच्या जागी आहे एवढं मला कळव. नसेल, तर नावं पडद्यावर उमटायला लागताच मी अंधारात उभी राहीन आणि ते हात कुणाचे आहेत ते सांगेन, पहिल्या गाठीपासून शेवटच्या गाठीपर्यंत. माझा आवाज किती लांब जातो ते तुला माहीत आहे.

एकेकाळी तुझीच, आता थोरवाल्डची मुलगी,
सोल्वाइ