‘व्हतं’चं ‘होतं’ करणारं प्लगिन

४ नोव्हेंबर, सकाळी
पुण्यातली नोकरी गेली ते बरंच झालं. मी सोडणारच होतो. आता गावी, अवसरीत बसून टेक्स्ट एडिटरसाठी मराठी शुद्धलेखनाचं रिमोट प्लगिन करणार. पायथन ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत. पार्टनर निमगाव सावा गावचा ज्ञानेश्वर, कॉलेजचा मित्र. विचार माझा, कोड त्याचा.

संध्याकाळी
बायकोला, मोहिनीला समजावलं. असं प्लगिन एडिटरच्या बाहेर वेगळं चालतं. एडिटर निरोप धाडतो, ते उत्तर देतं. ती म्हणाली, म्हणजे आपल्यासारखंच, फक्त तिथे उत्तर येतं. दुर्लक्ष केलं.
पहिलं गिऱ्हाईक तीच. जुन्नरच्या डोंगरातल्या तिच्या ठकूआत्या बोलतात, ती रेकॉर्ड करून टाइप करते. भाताची आवणी म्हणजे लावणी, लग्नं, बिबटे. पुस्तक काढायचंय. आत्या थकल्यात, म्हणून घाई. भाषा लई अशुद्ध. हरकत नाही.

९ नोव्हेंबर
मतभेद. ज्ञानेश्वर म्हणतो, चुकीच्या शब्दाखाली नुसती रेघ मारू, बदलायचं का ते लिहिणारा ठरवेल. मी म्हणालो, विचारत काय बसायचं? सेव्ह केलं की दुरुस्त. तो म्हणाला, डेंजर हाय राव. मी म्हणालो, व्हिजन आहे. शेवटी दिलं करून. म्हणजे पटलं.

१२ नोव्हेंबर
एडिटरने दगा दिला. म्हणतो, असं फंक्शनच नाही. दुपार वाया. ज्ञानेश्वर फोनवर म्हणाला, आधी प्लगिनच्या नोंदणीची कमांड द्यायची, मग एडिटर बंद करून उघडायचा, वाचलं न्हाईस का? वाचलं होतं, असं सांगितलं.

१३ नोव्हेंबर, दुपारी
चाललं! मोहिनी मंचरला गेलीय. तिच्याच फाइलवर चालवलं, सरप्राइज म्हणून. ‘व्हतं’चं ‘होतं’, ‘न्हाई’चं ‘नाही’, ‘आमी’चं ‘आम्ही’. सगळं पुस्तक एका झटक्यात. सेव्ह.

संध्याकाळी
मोहिनीने वाचलं. ओरडली नाही. म्हणाली, ह्यात आत्या कुठाय? ही कोण बाई बोलतेय? मी म्हणालो, शुद्ध झाल्यात. ती अंगणात जाऊन बसली. मी हाताने वाढून घेतलं.
थोडं वाईट वाटलं. राग मात्र ज्ञानेश्वरचा आला. पार्टनरने जोर लावून अडवायला नको?

१४ नोव्हेंबर
मूळ फाइल शाबूत आहे! मोहिनी पहिल्या दिवसापासून रोज एक प्रत ज्ञानेश्वरला पाठवत होती. दोघांनी मिळून. माझ्या पाठीमागे. फोन करून विचारलं, हीच का दोस्ती? तो म्हणाला, भाऊ, पुस्तक बचावलं ना? मी म्हणालो, मुद्दा तो नाही. मुद्दा कोणता ते त्याने विचारलंही नाही.

२० नोव्हेंबर
आता नुसती रेघ येते. आत्यांच्या शब्दांना तीही नाही. मोहिनीने त्यांना फोनच्या स्पीकरवर पानं वाचून दाखवली. त्या हसत म्हणाल्या, आगं, ही तर मीच बोलतीया. मला कुणी बोलावलं नव्हतं. दारातून ऐकलं.

२२ नोव्हेंबर
आज पहिल्यांदा प्लगिनचा कोड उघडून वाचला. मध्येच चार ओळी दिसल्या: लॅपटॉपवर रामनाथ (म्हणजे मी!) असेल, तर फाइल फक्त वाचू द्यावी, सेव्ह करू देऊ नये.
ज्ञानेश्वरला फोन लावला. तोंडाला येईल ते बोललो. तो शांतपणे म्हणाला, ह्या वळी माझ्या न्हाईत, वहिनींनी लिहिल्यात. पायथन शिकल्यात त्या.
आत्यांची फाइल सेव्ह करून पाहिली, झाली नाही. कोड पहिल्याच फटक्यात चालला.