बत्तीस कोअरचं गुपित

३ ऑक्टोबर, इंदापूर
चेअरमन मानसिंगराव तापले. तिसऱ्यांदा आपल्या डेअरीचा दर जाहीर व्हायच्या आधीच समोरच्या डेअरीनं चार आणे चढवून लावला. वरकुटे गावचं दूध तिकडं वळलं. चौथ्यांदा फुटला तर सिस्टिम विभाग बंद, म्हणाले. सिस्टिम विभाग म्हणजे मी.
कारण उघड आहे. चौदा दूध संकलन केंद्रांना दर नेटवरून उघडाच जातो, वाटेत कुणीही वाचतो. उपाय, एनक्रिप्टेड गेटवे. सगळा डेटा कुलपातून.
संध्याकाळी मेहुणा यशराज आला. समोरच्या डेअरीत सुपरवायझर आहे, पण माणूस घरचा. त्याला सगळं समजावलं. बायको रेश्मा म्हणाली, त्याला कशाला सांगता. तिला टेक्निकल कळत नाही.

६ ऑक्टोबर
बारामतीत संदेशच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. तो म्हणाला, तुमची लाइन वीस एमबीची, डब्याएवढी पेटी पुष्कळ झाली. मोठा सर्व्हरच घ्यायचा तर प्रोसेसरचे कोअर थोडे पण चपळ बघा, तुमचं सॉफ्टवेअर एकाच कोअरवर चालतं.
दुकानदारांना व्हिजन नसतं. बत्तीस कोअरवाला घेतला.

११ ऑक्टोबर
सर्व्हर आला. आवाज पिठाच्या गिरणीसारखा. शिपाई आबाजी खुणेनं चहा विचारतो.
ट्रॅक्टरचा नारळ यशराजच्याच हातून फोडला होता, म्हणून याचाही त्यालाच मान. पाणी आत जाऊ नये म्हणून मी स्वतः आडवा उभा राहिलो. सुरक्षेत तडजोड नाही.

१४ ऑक्टोबर
टेस्टिंग. एक कोअर राबतोय, एकतीस बांधावर बसलेत. वेग पहिल्यापेक्षा कमी. कुलूप म्हटल्यावर उघडायला वेळ लागणारच.

१८ ऑक्टोबर, संध्याकाळ
दिवाळीचा दर चेअरमननी फक्त माझ्या कानात सांगितला. उद्या सहाला गेटवेतून जाईल.
यशराज जेवायला होता. म्हणाला, दाजी, आकडा आत झाकतो कसा, जरा दाखवा की. कागदावर दर लिहिला, खाली त्याचं एनक्रिप्शन करून दाखवलं. खालची ओळ त्याला अजिबात वाचता आली नाही. सिस्टिम पक्की.

१९ ऑक्टोबर, सकाळी ६.२०
सहाला दर सोडला. समोरच्यांचा बोर्ड पावणेसहालाच लागलेला. चार आणे वर.
मानसिंगराव शांत होते. म्हणाले, “कुंडलिक, मशीननं तवर दर धाडलाच न्हवता. मग म्हाइत कुणाला हुता?”
दोघांनाच. त्यांना आणि मला. चेअरमनसाहेबांवर संशय घ्यायचं जिवावर येतं.

२३ ऑक्टोबर, घरी
विभाग बंद. संदेशनं सर्व्हर परत घेऊन डब्याएवढी पेटी दिली. आबाजीनं ती लावली. चौदाही केंद्रं झटक्यात जोडली गेली म्हणे.
लई वाईट वाटलं. यशराजला म्हटलं, तुमच्याकडं जागा बघ. त्यानं आपल्या साहेबांना विचारलंही. साहेब म्हणाले, माणूस चांगला हाय, पण त्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाय.
हे साहेबांना कुणी सांगितलं, मी विचारलं. यशराज चहा पीत राहिला.