आठ सीटांची गाडी

३ नोव्हेंबर २०२४, रविवार

दोनच गाड्या उरल्या! यादीतल्या बाकीच्या सगळ्या मी खोडल्या. एक लहान, उंच चाकांची. मागं कायमचा पलंग, पाण्याची टाकी, शेगडीला फळी. बसायला फक्त पुढं दोघं. दुसरी लांब, उंच टपाची, आत हव्या तेवढ्या सीटा टाकून घ्यायच्या. मला लहान हवी. यांना लांब.

यांचं म्हणणं, लांबीत ऐसपैस झोपता येईल. खोटं! यांना सीटा हव्यात. आमच्या कोहिनूर गावात दारात गाडी उभी राहिली की ती गावाची होते. त्यात हे जनावरांचे डॉक्टर, जन्मभर हाकेला ओ देत आलेले. निवृत्त झाले तरी तोंडातून "नाही" निघत नाही.

५ नोव्हेंबर

जुनी जीप तेवीस वर्षं होती. तेवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठं गेलो? एकदाही नाही. गोकर्णला निघालो, पिशव्या जीपमध्ये ठेवल्या — आणि किशनरावांच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पिशव्या उतरवल्या. चिंचोळीच्या जंगलात तलावाकाठी एक मुक्काम करायचा ठरवला, तर वीरण्णाच्या घरी मयत. पुढच्या वर्षी पुन्हा ठरवला, तर कुणाचं तरी वऱ्हाड. मग ठरवणंच सोडून दिलं.

प्रत्येक वेळी गरज खरी होती. खोटी असती तर मनसोक्त भांडता तरी आलं असतं.

१० नोव्हेंबर

हुमनाबादला जाऊन आलो. हायवेला लागून भीमण्णाचा कारखाना आहे. रिकाम्या गाड्या आणतो आणि आत पलंग, कपाटं, सीटा, जे हवं ते बसवून देतो. त्यानं दोन्ही गाड्या चालवून बघायला दिल्या. मागच्या गाडीवाटेनं काळ्या रानात घातल्या. परवाच पाऊस झालेला, चिखल चाकाला मणामणानं धरत होता. लांब गाडीचं पोट चाकोरीमधल्या उंचवट्याला खरवडलं. लहान मी चालवली — यांचा हात मोडला होता त्या साली जीप मीच हाकायची. म्हशीसारखी सावकाश, पण न अडता बाहेर आली. मला इतका आनंद झाला की उगाचच हॉर्न वाजवला.

मग हे लांब गाडीत चढले. मधोमध मांडी घालून ताठ बसले. डोक्यापासून टपापर्यंत हात नेऊन वितीनं मोजलं. म्हणाले, "बसवून नेता येतंय बघ. वर दीड वीत उरतीय."

भीमण्णानं गुपचूप मान हलवली. आम्हा लिंगायतांत मयत आडवं नेत नाहीत, बसवून नेतात. जुन्या जीपचा टप बुटका, मयताची मान वाकवावी लागायची. ती गोष्ट हे मनाला लावून घ्यायचे, दोन दिवस जेवायचे नाहीत. अकरा जणांना नेलं त्या जीपमधून.

मी फिरायला गाडी बघतेय आणि हे त्यात कुणाला बसवून नेतायत!

१२ नोव्हेंबर

"कामून तोंड फुगवून बसलीस?" सकाळी यांनी विचारलंच. मग मीही सांगून टाकलं. म्हटलं, "मला एकदा तरी तुमच्यासंगं जायचंय. मागं कुणी बसलेलं नको."

हे उठले. अंगणात जाऊन आले. मग म्हणाले, "बरं. पलंगाची घेऊ."

तीस वर्षांत पहिल्यांदा! संध्याकाळी शिरा केला.

१३ नोव्हेंबर

लहान गाडी सांगून आलो. पलंग वेल्डिंग करून पक्का बसव, असं भीमण्णाला दोनदा बजावलं.

२४ नोव्हेंबर

शेजारचा बालाजी विचारायला आला, गाडी कधी येणार? त्याच्या मेहुण्याची सोयरीक आहे, पाहुणे आणायचेत. मी सांगितलं, तीत दोघंच मावतात. त्याचा चेहरा पडला. मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. हे तिथंच होते, पेपरातून मान वर केली नाही.

८ डिसेंबर

गाडी आणायला गेलो, तर कारखान्याच्या अंगणात लांब गाडी उभी होती. आत आठ सीटा, नव्या कोऱ्या, प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही.

मला वाटलं, दुसऱ्या कुणाची असेल. भीमण्णा चाचरत म्हणाला, "डॉक्टरांनी फोन करून बदलून घेतली की, अक्का. तुम्हाला ठाव न्हाई व्हय?"

"ठाव हाय," मी म्हटलं. परक्यासमोर नवऱ्याची लाज राखायची सवय, दुसरं काय. हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, हसलेसुद्धा.

गाडी हायवेला लागल्यावर हे बोलायला लागले. "गाडीच नसली तर गोष्ट येगळी. दारात असून न्हाई कसं म्हणू, सुधा? मला जमत न्हाई." यांचे डोळे भरले होते. माझे नाही भरले. मला यांची कीव आली आणि रागही आला. माझ्याशी खोटं बोलणं मात्र बरं जमलं!

१५ डिसेंबर

पहिली फेरी बालाजीच्या पाहुण्यांची. दुसरी बसव्वाला कलबुर्गीला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायची. म्हातारीनं माझे दोन्ही हात धरून तोंडभरून आशीर्वाद दिला. आता कुणावर रागवायचं? रागवायला माझ्याजवळ एकच माणूस आहे, आणि तो गावातला सगळ्यात चांगला माणूस आहे.

१९ डिसेंबर

हे आपण होऊन म्हणाले, रविवारी चिंचोळीला जाऊ. कडक भाकरी, शेंगाची चटणी, दशम्या — करायला घेतल्या. विश्वास नाही, पण हात ऐकत नाहीत.

२१ डिसेंबर

हे म्हणाले, उद्या नको, पुढच्या रविवारी नक्की.

२३ डिसेंबर, चिंचोळी

तलावाकाठी आहे. एकटीच. सकाळी हे अंघोळीला गेले, मी खुंटीवरची किल्ली घेतली. इथं सीटा पाडून वर सतरंजी अंथरली आहे. दुपारी यांचा फोन आला. दारात माणसं उभी आहेत, गाडी मागायलेत, काय सांगू? आवाज घाबरलेला होता. मी म्हटलं, "गाडी गुंतलीय म्हणून सांगा." कशासाठी हवी होती, ते मी विचारलं नाही.