बासुंदीतला मोह

सावली (जि. चांदा), चैत्र १९५६, सोमवार संध्याकाळ

दुपारभर चुलीपुढे बसून दूध आटवलं. मंद आच, हात सारखा फिरता, कडेची साय खरवडून पुन्हा आत. साखरेचा कणही नाही. चांद्याच्या डॉक्टरांनी यांची साखर बंद केल्यापासून मी अशीच बासुंदी करते. दूध नीट आटलं की त्याचीच थोडी गोडी उतरते. यांचं तोंड मात्र रोज वाकडं. आणि पायाच्या अंगठ्याची जखम अजून ओलीच.

आज वाटी पुसून खाल्ली. म्हणाले, "आता जमलं तुले." मी मूर्खासारखी लाजलेसुद्धा! मग पातेल्यात बोट बुडवून चव घेतली, तर मोहाचा वास.

मी विहिरीवर गेले तेव्हा सासूबाईंनी मोहफुलं उकळून त्यांचा गोड रस पातेल्यात ओतला होता. विचारलं तर म्हणतात, "साखर तं नाई घातली न बाई. मोह तं झाडाचं फूल. डॉक्टरनं मोह बंद केला काय?"

त्यांच्यावर काय चिडू? त्यांना खरंच तसं वाटतं. पण यांना कळलं नसेल?

यांना सांगितलं, "अहो, यात मोह आहे. तो साखरेसारखाच बाधेल."

अंगठ्यावरचं फडकं सकाळीच बदललेलं, पुन्हा ओलं झालं होतं. त्याकडे न बघता म्हणाले, "मालूम आहे मले. पहिल्या घासातच समजलं."

म्हणजे मघाचं ते 'जमलं तुले' सगळं समजूनच. माझ्या दुपारीला एवढीच किंमत.

आणखी वाढ म्हणून यांनी पुढे केलेली रिकामी वाटी अजून माझ्यापुढे धरलेलीच होती.